घरटें दुरूनच पाहावें

माघ सरत आला म्हणजे घरोघरीं परीक्षेची चिंता सुरू होते. पळस फुलूं लागतो, आंब्याचा मोहोर दरवळतो, कोकिळेचा स्वर कानीं पडतो. आणि वसंत ऋतूवर निबंध लिहावयास सांगितला असतां आपले बहुतेक विद्यार्थी या तीन गोष्टींवरच पान भरून टाकतात. परंतु याच दिवसांत सांगलीच्या कृष्णाकांठच्या उंच झाडांवर, साताऱ्याच्या डोंगरकड्यांवर आणि माण, खटाव, आटपाडी, जत येथील उघड्या माळांवर वसंताचें आणखी एक कार्य निमूटपणें चाललेलें असतें. त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. घार, ससाणा, शिक्रा, घुबड असे शिकारी पक्षी या दिवसांत अंडीं उबवीत बसलेले असतात.

प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या शालेय आयुष्यांत एकदां तरी असें एक घरटें आरंभापासून अखेरपर्यंत पाहावें, आणि तें दुरूनच पाहावें, असें आमचें मत आहे. या मताचा पूर्वार्ध बहुतेकांस सहज मान्य होईल. उत्तरार्ध मान्य होणें कठीण; म्हणून हा लेख मुख्यत्वें त्या उत्तरार्धासाठींच लिहिला आहे.

प्रथम हें कार्य कोठें व कसें चालतें तें पाहूं. आपल्याकडील बहुतेक शिकारी पक्षी पावसाळा टाळून कोरड्या दिवसांत घर मांडतात. यास सबळ कारणें आहेत. गवत वाळून विरळ झालें म्हणजे उंदीर, सरडे व साप यांस लपावयास जागा उरत नाहीं. तापलेल्या जमिनीवरून ऊन हवा वर चढूं लागली म्हणजे पंख न हलवितां तासन् तास घिरट्या घालतां येतात. शिवाय मृगाच्या सरी येण्यापूर्वीं पिलें उडतीं झालीं तर तीं भिजून मरण्याची भीति राहत नाहीं. आपण ज्यास परीक्षेचा हंगाम म्हणतों, तोच या पक्ष्यांच्याही परीक्षेचा हंगाम होय.

गांवांतील साधी घार वड, चिंच, कडुनिंब किंवा नारळ अशा उंच झाडावर काटक्यांचें ओबडधोबड घरटें रचते व त्यांत चिंध्या, सुतळी, तारेचे तुकडे असें सांपडेल तें भरते. नदीकांठीं तांबूस पाठीची व पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार राहते; तिचीं अंडीं बहुधा दोन असतात. माळावर एखाद्या बाभळीच्या शेंड्यावर लहानशी कापशी घार संसार थाटते. कबुतराएवढा शिक्रा दाट आमराई पसंत करतो. सह्याद्रीच्या तुटलेल्या कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा तर घरटें बांधण्याची यातायातही करीत नाहीं. कपारींतील उघड्या खडकावरच त्याची मादी तीन-चार अंडीं घालते. ओढ्याच्या दरडींत राहणारें मोठें शिंगाळें घुबडही तसेंच. नुसत्या मातींत किंचित् खोलगट जागा केली कीं त्याचें काम झालें.

अंडीं उबविणें म्हणजे नुसतें वर बसून राहणें असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तें मोठें कष्टाचें व कौशल्याचें काम आहे. या काळांत पक्ष्याच्या पोटावरील पिसें झडून कातडीचा एक भाग उघडा पडतो व तेथील रक्तवाहिन्या फुगतात. तो उघडा भाग अंड्यांस भिडवून पक्षी आपल्या रक्ताची ऊब त्यांस देतो. कवचाच्या आंतील जीव वाढण्यास सुमारें सदतीस-अडतीस अंश उष्णता लागते, म्हणजे जवळजवळ आपल्याच शरीराइतकी. आंतील जीव कवचाच्या अस्तरास चिकटून राहूं नये म्हणून मादी दिवसांतून अनेक वेळां चोंचीनें अंडीं हळूच उलटते. ज्या वांकड्या चोंचीनें ती उंदीर फाडते, तीच चोंच त्या वेळीं किती अलगद वापरली जाते हें पाहण्यासारखें असतें. घारीस हें व्रत सुमारें तीस दिवस, ब्राह्मणी घारीस त्याहून तीन-चार दिवस कमी, आणि शिंगाळ्या घुबडास महिन्याहून किंचित् अधिक पाळावें लागतें.

कामाची वांटणीही मोठी व्यवस्थित असते. शिकारी पक्ष्यांत मादी सामान्यतः नरापेक्षां आकारानें मोठी असते. बहुधा ती अंड्यांवर बसते आणि नर शिकार आणून तिला पोंचवितो. नर परत आला नाहीं तर मादीपुढें दोनच मार्ग उरतात: स्वतः उपाशी राहावें, किंवा अंडीं उघडीं टाकून शिकारीस जावें. म्हणून संक्रांतीच्या पतंगाच्या नायलॉनच्या मांज्यानें आकाशांत एक घार कापली गेली, तर बुडालेला जीव एकच असतो असें समजूं नये. तो मांजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर निषिद्ध ठरविला. तरीही तो छपून विकला जातो, आणि विकत घेणारा ग्राहक कोण असतो हें आपणां सर्वांस ठाऊक आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. घरटें दिसलें कीं तें जवळून पाहावें, झाडावर चढून आंत डोकवावें, निदान हातांतील फोननें एक छायाचित्र घ्यावें, अशी इच्छा होणें अगदीं स्वाभाविक आहे. ही इच्छा दुष्ट नसते. बहुतेकदां ती प्रेमांतूनच उत्पन्न होते. परंतु प्रेमानें केलेल्या कृत्याचा परिणाम चांगलाच होतो असें नाहीं. चैत्रांत सांगलीचें ऊन चाळीस अंशांच्या घरांत जातें. त्या उन्हांत मादीचें काम अंड्यांस ऊब देण्याचें नसून त्यांवर सावली धरण्याचें असतें. पंख अर्धवट पसरून, चोंच उघडी टाकून, धापा टाकीत ती उभी असते, ती याचसाठीं. आपण झाडाखालीं गेलों, ती भिऊन उडाली, आणि आपण निघून जाईपर्यंत दूर बसून राहिली, तर तेवढ्या वेळांत अंड्यांतील कोवळा जीव भाजून निघूं शकतो. बाहेरून अंडें जसेंच्या तसें दिसतें. मादी परत येते, पुन्हां बसते, दिवसांमागून दिवस बसून राहते. आणि आंत कांहींच उरलेलें नसतें. पाहणाऱ्यास आपल्या हातून काय झालें याचा पत्ताही लागत नाहीं.

उन्हानें वांचलें तर कावळा टपलेला असतोच. मनुष्य कोठें थांबतो, कोठें वर पाहतो, कोणता पक्षी कोठून उडाला, हें कावळ्याइतकें कोणीच बारकाईनें पाहत नाहीं. कड्यावर दोर सोडून उतरण्याचा खेळ अलीकडे आपल्या जिल्ह्यांत लोकप्रिय झाला आहे. तो खेळ उत्तम आहे. परंतु माघापासून चैत्रापर्यंत जेथें ससाणा बसला असेल ती कपार सोडून दुसरा कडा धरणें एवढी सभ्यता खेळाडूंनीं दाखवावयास हवी.

कायद्याचें म्हणणेंही हेंच आहे. आपल्या देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीं झाला. त्यांतील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या पुष्कळांस ठाऊक नसते. बंदूक किंवा फांस वापरणें एवढीच शिकार नव्हे. वन्य पक्ष्याच्या अंड्यांस इजा करणें, त्याच्या अंड्यांस किंवा घरट्यास उपद्रव देणें हेंही कायद्यानें शिकारींतच मोडतें. गलोलीचा नेम घरट्यावर धरणाऱ्या मुलास आपण शिकारी झालों आहों याची कल्पनाही नसते. ती त्यास आईबापांनीं द्यावयास हवी.

येथें कोणी म्हणेल कीं, पूर्वींचे मोठमोठे पक्षिशास्त्रज्ञ तर अंडीं गोळा करीत; त्यांच्या हातून ज्ञान वाढलेंच कीं नाहीं? ही शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर टाळूं नये. १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे हिंदी पक्ष्यांच्या अंड्यांचे मोठे संग्राहक होते. येथील पक्ष्यांचीं घरटीं व अंडीं यांवर त्यांनीं १८७३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडांत तर हा हजारों लोकांचा छंद होता. त्या जुन्या पेट्यांतील अंड्यांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. तेथील ससाण्यांचीं अंडीं आईच्याच वजनाखालीं चिरडूं लागलीं, तेव्हां डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञानें जुन्या संग्रहांतील कवचें नव्या कवचांशीं ताडून पाहिलीं. सुमारें १९४७ पासून कवचें पातळ होत गेलीं होतीं, असें त्यानें १९६७ सालीं दाखवून दिलें. आणि कारण निघालें शेतावर मारलें जाणारें डीडीटीसारखें औषध. तें किड्यांतून पाखरांत, पाखरांतून ससाण्यांत सांचत गेलें होतें. तासगांवच्या द्राक्षबागा व कृष्णाकांठचा ऊस ज्यांच्या घरीं आहे, त्या पालकांनीं हा इतिहास विसरूं नये. फवारलेलें औषध पानावरच राहतें, असा त्याचा स्वभाव नाहीं.

परंतु यावरून आपणही अंडीं जमवावीं असें सिद्ध होत नाहीं. तो छंद खुद्द इंग्लंडानेंच १९५४ च्या कायद्यानें बहुतांशीं बंद केला. आणि आज घरट्यास हात न लावतां दुर्बिणीनें, कॅमेऱ्यानें व नोंदवहीनें जें कळूं शकतें, त्यासाठीं एक जीव खर्ची घालणें हें ज्ञानाचें नव्हे, हौसेचें लक्षण होय.

दुसरा आक्षेप याहून रोखठोक आहे. घार कोंबडीचीं पिलें उचलते, ससाणा कबुतरें मारतो, घुबड तर अपशकुनी. मग यांचीं अंडीं राहिलीं काय नि गेलीं काय? याचें उत्तर साताऱ्याच्याच माळावर मिळालें आहे. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मारिया ठाकर व त्यांचे सहकारी यांनीं तेथें संशोधन करून २०१८ सालीं तें प्रसिद्ध केलें. चक्क्या असलेल्या भागांत शिकारी पक्ष्यांची संख्या चक्क्या नसलेल्या भागाच्या जवळजवळ एक चतुर्थांश भरली. पक्षी कमी झाल्याबरोबर तेथील सरडे वाढले. या सरड्याच्या नराच्या गळ्याशीं निळा, काळा व नारिंगी असा सुंदर पंखा असतो, आणि २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्या कुळास आपला ‘सरडा’ हाच मराठी शब्द नांव म्हणून दिला आहे. शत्रु कमी झाल्यामुळें हे सरडे निर्धास्त झाले. माणूस अगदीं जवळ आला तरी पळेनात. परंतु संख्या वाढल्यामुळें वांट्यास येणारें अन्न कमी झालें, शरीरें कृश झालीं, आणि गळ्याचे रंगही फिके पडले. आकाशांतून एक सावली कमी झाली, तिचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या रंगापर्यंत पोंचला! पवनचक्क्या काढून टाकाव्या असें येथें म्हणावयाचें नाहीं. वीज आपणां सर्वांस हवी आहे. म्हणावयाचें तें इतकेंच कीं, ज्यास आपण लुटारू म्हणतों तो त्या माळाचा कारभारी असतो, आणि कारभारी गेला म्हणजे घराची घडी विसकटते.

गिधाडांची कथा तर याहून दारुण आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची मादी वर्षांत एकच अंडें घालते आणि नर-मादी आळीपाळीनें सुमारें दीड महिना तें उबवितात. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत भारतांतील या जातीचीं गिधाडें हजारामागें एक या प्रमाणांत उरलीं. गुरांना दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध त्यांच्या मृत्यूस कारण होतें, हें २००४ सालीं उघडकीस आलें व २००६ सालीं गुरांसाठीं त्यावर बंदी झाली. बंदी एका दिवसांत करतां येते. परंतु वर्षाला एकच अंडें घालणाऱ्या पक्ष्याची उणीव एका दिवसांत भरून निघत नाहीं. रायगड जिल्ह्यांतील म्हसळा तालुक्यांत चिरगांवच्या ग्रामस्थांनीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेच्या साहाय्यानें आपल्या परिसरांतील गिधाडांचीं घरटीं राखलीं, तीं या विचारानेंच. ज्या पक्ष्यास सारें जग अमंगळ म्हणतें त्याचें एक अंडें सुखरूप फुटावें म्हणून एक गांव जागतें, हें आमच्या मतें मोठ्या संस्कृतीचें लक्षण आहे.

घुबडाच्या अपशकुनाविषयीं अधिक लिहिण्याची गरज नसावी. एक घुबडाचें जोडपें आपल्या पिलांसाठीं रात्रभर उंदीर वाहतें. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तें बसतें त्यानें त्यास दगड मारावा, आणि मग त्याच उंदरांसाठीं दुकानांतून विष विकत आणावें, याहून विचित्र व्यवहार कोणता?

पालकांचा तिसरा आक्षेप बहुधा मनांतल्या मनांत असतो: ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलांनीं झाडाकडे पाहत बसावें काय? आमचें उत्तर असें कीं, दिवसाकाठीं दहा मिनिटें पुरेत. घराच्या गच्चीवरून, शाळेच्या व्हरांड्यांतून किंवा नदीच्या घाटावरून एखादें घरटें दिसत असेल तर तेथूनच पाहावें. किती अंतर पुरे, याचा नियम सोपा आहे: पक्षी आपल्याकडे टक लावून पाहूं लागला, उभा राहिला किंवा ओरडूं लागला, तर आपण फार जवळ आलों आहों, लगेच मागें फिरावें. वहींत तारीख, वेळ, कोण बसलें आहे, नरानें काय आणलें, वारा कसा आहे, इतकें लिहावें. अंडीं किती आहेत हें मोजावयास जाऊं नये. पिलें डोकीं वर काढतील तेव्हां तीं आपोआप मोजतां येतील. तीं सारखीं नसतील, लहानमोठीं असतील. बहुतेक शिकारी पक्षी पहिलें अंडें घातल्याबरोबर बसूं लागतात, म्हणून पिलेंही एकामागून एक बाहेर पडतात. आणि ज्या वर्षीं अन्न कमी असतें त्या वर्षीं सर्वांत धाकटें बहुधा जगत नाहीं. तें पाहून वाईट वाटेल. परंतु तेथेंही हात घालूं नये.

आणखी दोन गोष्टी पाळाव्या. घरट्याचा ठावठिकाणा फोनवरून चारचौघांस कळवूं नये. एक पाहणारा दूर उभा राहील, पण पन्नास पाहणाऱ्यांपैकीं एक तरी झाडावर चढेल. आणि घार पिलांच्या काळांत माणसाच्या डोक्यावर झेप घेते म्हणून झाड तोडण्याची मागणी करूं नये. महिना-दीड महिना वाट बदलावी, भांडण मिटतें. घार पुष्कळदां वर्षानुवर्षें त्याच झाडाकडे परत येते. जुनें झाड राखतां येतें याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. मिरज तालुक्यांतील भोसे येथील शेंकडों वर्षांचा वटवृक्ष २०२० सालीं रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला, तेव्हां लोकांनीं आवाज उठविला आणि रस्त्याच्या आखणींत बदल करण्यांत आला. वळण माणसाच्या रस्त्यास घेतां येतें. झाडास घेतां येत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, जवळ जाऊन हातांत घेणें ही पाहण्याची पहिली पायरी आहे. लहान मूल तसेंच पाहतें. दूर उभें राहून, वाट पाहून, मधें न पडतां समजून घेणें ही त्यापुढची पायरी, आणि ती चढण्यासाठींच तर शाळा असते. आणि पालकहो, आपण याहून वेगळें काय करीत असतों? मुलांस ऊब हवी तेव्हां ऊब द्यावयाची, ऊन लागलें तर सावली धरावयाची, आणि कवच फोडण्याचें काम मात्र ज्याचें त्यासच करूं द्यावयाचें. यंदाच्या फाल्गुनांत आपल्या मुलानें घारीच्या घरट्याविषयीं कांहीं विचारलें, तर अभ्यास कर म्हणून त्याला गप्प बसवूं नका. त्याला एक कोरी वही द्या, आणि कोठें उभें राहावयाचें तें दाखवा.